क्रॉलरचा तोच शाफ्ट पुन्हा पुन्हा तुटतोय? सुटा भाग मागवण्याआधी हे तपासा

चढावर क्रॉलर (दगडांवर चढणारी रिमोटची छोटी गाडी) अडतो. मोटरचा आवाज येतोय, मागची चाकं दगड खरवडतायत, पुढचं एक चाक मात्र ढिम्म. घरी आणून ॲक्सल उघडला की दिसतं, पुढचं चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा कान (पिन धरणारी पाकळी) उडालाय. नवा शाफ्ट मागवायचा, कुरिअरची वाट बघायची, बसवायचा, आणि पुढच्या एक-दोन फेऱ्यांत पुन्हा तेच. बऱ्याचदा त्याच बाजूला. मग कुणीतरी सांगतं, "स्टीलचा जाड शाफ्ट टाक, विषय संपव."

विषय संपत नाही. शाफ्ट टिकतो आणि थोड्याच दिवसांत ॲक्सलमधल्या मोठ्या गिअरचे, म्हणजे रिंग गिअरचे, दात जातात. रिंग गिअर बदलायला अख्खा ॲक्सल खोलावा लागतो, शिम (पातळ चकत्या) लावत बसावं लागतं आणि खर्चही जास्त. तोच भाग दुसऱ्यांदा तुटला, तर तो कमकुवत आहे असं लगेच धरू नका. त्याच्यावर नको तेवढा भार कुठून येतोय ते आधी शोधा. बहुतेक वेळा कारण तुटलेल्या जागेपासून दोन पावलं दूर सापडतं.

मी इथे १/१० आकाराची, सरळ ॲक्सलची (डाव्या-उजव्या चाकांना एकच कडक आडवा दांडा असलेली) गाडी धरून लिहितोय. ॲक्सियल कंपनीच्या एससीएक्स१० टू घराण्यातली म्हणा. पद्धत मात्र कोणत्याही क्रॉलरला लागू पडते.

भार नेमका कुठे पडतो

मोटरकडून चाकाकडे जाताना वेग कमी होत जातो आणि टॉर्क, म्हणजे पीळ, त्याच पटीत वाढत जातो. एससीएक्स१० टूच्या ॲक्सलमध्ये ८ दातांचा छोटा गिअर, म्हणजे पिनिअन, ३० दातांची रिंग फिरवतो, म्हणजे ३.७५ पट. ड्राइव्हशाफ्टवर (ट्रान्समिशनपासून ॲक्सलपर्यंतचा दांडा) जो पीळ येतो, त्याच्या पावणेचार पट पीळ ॲक्सलच्या आत तयार होतो. शिवाय क्रॉलरचे दोन्ही ॲक्सल लॉक असतात, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं. साध्या डिफरन्शिअलमध्ये तो पीळ दोन चाकांत वाटला जातो. इथे एक चाक हवेत आणि दुसरं दगडाच्या फटीत रुतलेलं असेल, तर त्या ॲक्सलचा सगळा पीळ रुतलेल्या चाकाच्या एकट्या शाफ्टवर येतो. क्रॉलिंगमध्ये ही स्थिती दर मिनिटाला येते.

आता यात आपण काय काय भर घालतो ते बघा. दोन सेलची (टू-एस) बॅटरी काढून तीन सेलची (थ्री-एस) लावली की व्होल्टेज ७.४ वरून ११.१ होतं. ब्रश मोटर अडकून थांबली असताना तिचा टॉर्क व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ईएससीने (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) तेवढा करंट दिला तर थेट दीडपट. टायर ४.१९ इंचांवरून ४.७५ इंचांचे केले, तर तेवढ्याच पकडीला शाफ्टवरचा पीळ सुमारे १३ टक्के जास्त. वर पितळी नकल (पुढचं चाक धरून वळवणारा भाग), चाकात वजनं. प्रत्येक बदल आपापल्या जागी चांगला आहे, त्याने गाडी चढतेही छान. पण मूळ शाफ्ट या सगळ्यासाठी बनवलेलाच नव्हता. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: मोडतोड सुरू होण्याच्या जरा आधी गाडीत काय बदललं होतं?

ट्रॅक्सासची टीआरएक्स-४ २०१७ मध्ये पोर्टल ॲक्सल घेऊन आली. पोर्टलमध्ये शेवटचा वेगघट अगदी चाकाजवळ होतो, त्यामुळे त्याच्या आधीच्या शाफ्टवर, रिंगवर आणि ड्राइव्हशाफ्टवर त्या मानाने कमी पीळ येतो. बदल्यात प्रत्येक चाकाशी आणखी गिअर आणि आणखी बेअरिंगं आली. पोर्टल गाडीचे दात गेले तर सगळ्यात आधी त्या छोट्या बेअरिंगांकडे बघा.

तुटलेला तुकडा फेकू नका

तुकडा चांगल्या उजेडात, जमल्यास भिंगाखाली बघा. शाफ्टचे खाचे पिळवटल्यासारखे तिरके झाले असतील, तर ताकद हळूहळू वाढत जाऊन सहन होईनाशी झाली: चाक अडकलं आणि थ्रॉटल धरून ठेवला. तुटलेली जागा करडी, दाणेदार, आजूबाजूला जराही वाक नाही, तर एकच जोरदार झटका बसला. आणि तुटलेल्या पृष्ठावर एका कडेपासून आत जाणारा गुळगुळीत, चमकदार भाग दिसला आणि उरलेला भाग खरबरीत, तर तिथे चीर आधीपासून होती. दर फेरीला ती थोडी थोडी वाढत गेली. ही तिसरी खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण याचा अर्थ प्रत्येक फेऱ्यात काहीतरी घासतंय किंवा अडतंय. तिथे नुसता दणकट शाफ्ट टाकून फक्त वेळ विकत घेतली जाते.

गिअरचंही तसंच. फक्त दातांची टोकं चावल्यासारखी झाली असतील, तर दोन गिअर एकमेकांपासून लांब होते आणि टोकाला टोक लागत होतं. दात मुळापासून उडाले असतील तर झटका. प्लास्टिकचा स्पर (मोटरवरच्या पिनिअनने फिरणारा मोठा गिअर) वितळल्यासारखा दिसला तर मेश (दातांची जुळणी) फार घट्ट होता, किंवा स्लिपर (जास्त भार आला की घसरणारा क्लच) सतत घसरून तापत होता.

आवाज मोजा

अजून पूर्ण तुटलेलं नाही, पण "टक् टक्" येतंय, तेव्हा उघडाउघडी करण्याआधी मोजणी करा. गाडी स्टँडवर ठेवा आणि ड्राइव्हशाफ्ट ट्रान्समिशनच्या बाजूने सोडवा, म्हणजे एका ॲक्सलची चाकं हाताने मोकळी फिरतील. चाकाला खडूची खूण करा आणि एक पूर्ण फेरा सावकाश द्या.

चाकाच्या एका फेऱ्यात एकच टक् आला तर दोष चाकाच्या वेगाने फिरणाऱ्या वस्तूत: रिंग गिअरचा एखादा दात, चाक ज्यावर बसतं तो षटकोनी हेक्स किंवा त्याची पिन. एका फेऱ्यात साधारण चार, नीट मोजलं तर चार फेऱ्यांत पंधरा, तर दोष पिनिअनमध्ये किंवा त्याच्या बेअरिंगमध्ये, कारण तो चाकाच्या एका फेऱ्यात पावणेचार वेळा फिरतो. आणि एका फेऱ्यात दोनदा जड लागलं, तर जवळपास नक्की तो पुढच्या चाकाचा सांधा. युनिव्हर्सल जॉइंट अडतो तेव्हा एका फेऱ्यात दोनदा अडतो. तुमच्या ॲक्सलच्या दातांची संख्या वेगळी असेल तर रिंगचे दात भागिले पिनिअनचे दात करून आपला आकडा काढून घ्या.

हाताला काहीच लागलं नाही, तर दोन्ही ड्राइव्हशाफ्ट सोडवून मोटर हलक्या थ्रॉटलवर फिरवा. आवाज तरीही आला तर तो ट्रान्समिशनमध्ये किंवा स्परवर आहे आणि ॲक्सल खोलायची गरजच नाही.

पुढचा शाफ्ट एकाच बाजूला का तुटतो

या प्रकरणावर मी जास्त लिहिणार आहे, कारण सर्वाधिक शाफ्ट इथेच जातात आणि सर्वाधिक वेळा चुकीचं औषध इथेच दिलं जातं.

पुढच्या शाफ्टला वळलेल्या स्थितीत पीळ वाहून न्यायचा असतो. एका क्रॉसचा साधा युनिव्हर्सल जॉइंट सरळ असताना छान चालतो. तो ४५ अंशांत वाकवला की एका फेऱ्यात पुढच्या टोकाचा वेग ०.७१ पट ते १.४१ पट असा खालीवर होतो. चाक दगडात पक्कं धरलेलं असेल तर या चढउताराला जायला जागा नसते आणि तो सगळा सांध्याच्या पिनेवर आणि कानांवर निघतो. त्याहून वाईट म्हणजे कोन आणखी वाढला की सांध्याचे दोन कान एकमेकांना प्रत्यक्ष टेकतात. त्या क्षणी तो सांधा राहत नाही, पहार होते.

तपासणी अशी करा. पुढची चाकं काढा. पुढचा ड्राइव्हशाफ्ट सोडवा. सर्व्होच्या (चाकं वळवणारी मोटर) हॉर्नपासून (तिची दांडी) स्टिअरिंगची लिंक काढा. आता नकल हाताने पूर्ण डावीकडे नेऊन धरा आणि दुसऱ्या हाताने हेक्स फिरवा. मग पूर्ण उजवीकडे. मग दुसऱ्या बाजूचा नकल. कुठेही एका फेऱ्यात दोनदा अडल्यासारखं वाटलं, तर त्या कोनाच्या आत थांबायला हवं. नकल थोडा मागे घेत घेत, अडणं जिथे पूर्ण थांबतं तिथे सी-हबवर (ॲक्सलच्या टोकाचा, नकल धरणारा भाग) पेनने खूण करा.

लिंक परत जोडा, ट्रान्समीटर चालू करा आणि एंड पॉइंट (सर्व्हो किती वळेल त्याची मर्यादा) कमी करत आणा, असे की नकल त्या खुणेच्या किंचित आधी थांबेल. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी लावायची. काही नकलांवर थांबा ठरवणारा छोटा स्क्रू असतो, तो असेल तर तोही वापरा, कारण आजकालचे २५ किलोचे सर्व्हो दगडाच्या धक्क्याबरोबर नकलला एंड पॉइंटच्या पलीकडेही ढकलतात. वळण थोडं कमी होतं, हे खरं. पण क्रॉलरमध्ये मागे घेऊन पुन्हा वळायला कुणाची ना नसते, आणि तुटलेल्या शाफ्टने काहीच वळत नाही.

आता एकाच बाजूचं कोडं. सर्व्हो मध्यावर असताना हॉर्न एक दात इकडे-तिकडे बसला असेल आणि ती चूक ट्रान्समीटरवरच्या ट्रिमने झाकली असेल, तर एका बाजूला गाडी जास्त वळते आणि त्या बाजूचा आतला शाफ्ट दर वेळी जास्त कोनात जातो. सर्व्होला सेंटरवर आणा, ट्रिम शून्य करा, हॉर्न काढून सरळ बसवा, आणि मगच लिंकच्या लांबीने चाकं सरळ करा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि यातच पुष्कळांचा प्रश्न मिटतो.

आणखी एक जागा बघायची राहते. सांध्याचा मध्य हा वरच्या आणि खालच्या किंगपिनला (नकल ज्यांवर वळतो त्या पिना) जोडणाऱ्या रेषेवर यायला हवा. बाजूने बघा: सांधा आत किंवा बाहेर सरकलेला असेल तर वळताना शाफ्ट ओढला किंवा दाबला जातो. हेक्सच्या मागे किंवा नकलच्या बेअरिंगजवळ ०.१ किंवा ०.२ मिमीचे शिम घालून तो रेषेवर आणा. शाफ्ट आतबाहेर अगदी किंचित हलला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर तेही चुकीचं.

रिंग आणि पिनिअन

इथली मोडतोड जवळपास नेहमी ढिलाईची असते. रिंग आणि पिनिअनमध्ये फट राहिली की दात टोकावर भार घेतात. ड्राइव्हशाफ्ट बोटांत धरून चाक मागेपुढे हलवा. खेळ जेमतेम जाणवावा. स्पष्ट "कट् कट्" येत असेल तर ॲक्सल उघडून रिंगच्या मागे, बेअरिंग आणि लॉकरच्या (दोन्ही शाफ्ट एकत्र बांधणारा भाग) मध्ये, शिम घाला. एका वेळी एकच. दर वेळी झाकण पूर्ण कसून अख्खा फेरा फिरवून बघा, कारण झाकण सैल असताना केलेला अंदाज खोटा निघतो. कुठेही घरघर लागली की एक शिम परत काढा.

शिम लावूनही फट परत येत असेल तर बेअरिंग आणि त्याची बैठक बघा. प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये बेअरिंगचा खळगा अंडाकृती झाला, तर लोडखाली पिनिअन वर उचलला जातो आणि जगातला कुठलाही गिअर तिथे टिकणार नाही. अशा वेळी हाउसिंगच बदलायचं. रिंग आणि पिनिअन कायम जोडीने बदला. झिजलेल्या पिनिअनवर नवी रिंग चढवली की नवी रिंग जुन्यासारखीच होते, फक्त लवकर. ग्रीस दाट घ्या, दातांना पुरेल इतकंच लावा.

ड्राइव्हशाफ्ट

प्लास्टिकचा सरकता ड्राइव्हशाफ्ट पिळवटतो ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नव्या शाफ्टवर लांबीच्या दिशेने पांढऱ्या पेनने सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तिरकी झाली की शाफ्ट गेला. दोन्ही टोकांचे काटे (सांध्याचे यू आकाराचे भाग) एकाच पातळीत जुळलेले हवेत. सरकणारे दोन भाग वेगळे करून परत जोडताना एक खाच चुकली की सांधे एकमेकांची चढउतार मिटवण्याऐवजी वाढवतात, गाडी थरथरते आणि पिना झिजतात.

दुसरी तक्रार पिन निसटण्याची. सांध्यावर श्रिंक ट्यूबचा तुकडा चढवून गरम केला की ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) ढिला झाला तरी पिन जागेवर राहते. ग्रब स्क्रूला निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) लावा, पण आधी आट्यांतलं तेल आयसोप्रोपिलने पुसून. प्लास्टिकला थ्रेडलॉक लागू देऊ नका. बऱ्याच प्लास्टिकना त्याने तडे जातात. एम३ ग्रब स्क्रूला १.५ मिमीची ॲलन की, एम४ला २ मिमीची, आणि की चांगल्या स्टीलची घ्या. घासलेल्या कीने स्क्रूचा षटकोनी खळगा गोल झाला की एक साधं काम अर्ध्या दिवसाचं होतं.

बाहेरून पिना मागवायची गरज नाही. २ मिमीची पिन बेअरिंगच्या सुई-रोलरमधून मिळते, तो आधीच कडक केलेला असतो. वेगळ्या मापाची हवी असेल तर भोसरी-चिंचवडकडच्या लेथवाल्यांकडे सिल्व्हर स्टीलचा तुकडा घेऊन जा. खिळा कापून घालणं मात्र टाळा, तो मऊ असतो. वाकतो आणि सांध्यातून निघता निघत नाही.

स्पर, पिनिअन, स्लिपर

थोडक्यात. मोटरवरच्या पिनिअनचा ग्रब स्क्रू मोटरच्या शाफ्टच्या सपाट बाजूवर बसला पाहिजे, गोल बाजूवर नाही. मेश लावताना दोन गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी फिरवा. ती सुरकुतून, न फाटता बाहेर यायला हवी. दातांच्या मापात ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल जवळपास सारखे असतात, ३२ पिच म्हणजे ०.७९४ मॉड्यूल. ४८ पिच ०.५३ चा, तो या दोघांशी कधीच जुळत नाही. स्लिपर असेल तर तो पूर्ण आवळून निकामी करू नका. सगळ्यात उभ्या चढावर घसरणार नाही इतका कसा आणि त्याहून थोडाच जास्त. चाक अगदी जाम झालं की तो घसरायलाच हवा.

ईएससी आणि बोट

ड्रॅग ब्रेक १०० टक्के असला की थ्रॉटल सोडताक्षणी चाकं लॉक होतात. उतारावर ते हवंच. पण गाडी कड्यावरून धप्पकन खाली आली आणि चाकं लॉक असली, तर सगळा आदळ दातांवर येतो. काही ईएससीत ब्रेक किती झटकन लागावा आणि सुरुवातीचा जोर किती असावा हे ठरवता येतं. दोन्ही एकेक पायरी मवाळ करून बघा.

चाक अडकलं की थ्रॉटल वाढवण्याची इच्छा होते. त्या क्षणी सोडा, हातभर मागे घ्या, चाक सरळ करा आणि वेगळ्या रेषेने चढवा. गाडी जागच्या जागी उड्या मारायला लागली तर ताबडतोब थांबा. टायर सुटतो आणि परत पकडतो, त्या प्रत्येक पकडीला शाफ्टवर हातोडीचा घाव बसतो. आपल्या सह्याद्रीतला बेसॉल्ट कोरडा असला की मऊ टायरला विलक्षण पकड देतो, त्यामुळे चाक घसरून भार हलका होण्याची सोय फार मिळत नाही. पुढचा ॲक्सल ओव्हरड्राइव्ह केलेला (पुढची चाकं मागच्यांपेक्षा थोडी वेगाने फिरणारी) असेल तर सिमेंटच्या रस्त्यावर किंवा सपाट कातळावर लांब पळवू नका. पुढचं-मागचं यांच्यातला फरक टायर घसरूनच सुटतो आणि पकड असली की तो शाफ्टमध्ये साठत जातो.

पावसाळा आणि जांभा

कोकणातल्या जांभ्याचा लाल चिखल वाळला की बारीक रेती होते आणि बेअरिंगच्या रबरी झाकणातून आत शिरते. ती झाकणं पाणी पूर्ण अडवत नाहीत. पाण्यात गाडी गेली असेल तर त्याच संध्याकाळी चाकं काढून ५×११×४ आणि १०×१५×४ मापाची बेअरिंगं बोटाने फिरवून बघा. खरखर लागली तर धुऊन, वाळवून, तेलाचा थेंब. तरीही खरखर राहिली तर बदला. बेअरिंग गेलं की रिंग सरकते आणि दात जातात, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी तुटणाऱ्या रिंगचं कारण आजचं बेअरिंग असू शकतं. समुद्राच्या वाळूत आणि खाऱ्या पाण्यात मी तरी क्रॉलर नेऊ नका असंच सांगेन.

कोणता भाग कच्चा ठेवायचा

वरचं सगळं तपासून, दुरुस्त करूनही भार खरोखर जास्त असेल, तेव्हाच दणकट भाग घ्या. पण सगळीकडे स्टील भरू नका. घरातल्या फ्यूजसारखा एक भाग जाणूनबुजून कच्चा राहू द्या, आणि तो असा निवडा की मैदानात दोन स्क्रू काढून बदलता येईल. माझ्या मते तो मान ड्राइव्हशाफ्टचा किंवा स्लिपरचा. ट्रान्समिशनचे आतले गिअर आणि रिंग-पिनिअन मात्र मशिन केलेल्या स्टीलचे असावेत. आपल्याकडे मिळणाऱ्या डब्ल्यूपीएल, एमएन या कंपन्यांच्या छोट्या गाड्यांत तर हे फारच जपा: धातूचे गिअर प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये टाकले की पुढची पाळी हाउसिंगची असते.

डोंगरावर असताना पुढचा शाफ्ट गेलाच, तर तुटलेला तुकडा आत फिरू देऊ नका, तो हाउसिंग फोडतो. चाक काढून तुकडा ओढून घ्या, पुढचा ड्राइव्हशाफ्ट सोडून खिशात टाका आणि मागच्या चाकांवर गाडी घरी आणा.

नवा भाग बसवल्यावर पहिली बॅटरी हलक्या जागेवर चालवा. प्रत्येक ग्रब स्क्रू आणि त्याच्या शेजारचा काटा यांवरून पेनची एक आडवी रेघ आधीच ओढलेली असू द्या. बॅटरी संपली की फक्त त्या रेघा बघायच्या. जिथे रेघ तुटलेली दिसेल तो स्क्रू काढून, पुसून, थ्रेडलॉक लावून पुन्हा कसा. दुसऱ्या बॅटरीनंतर त्याच जागी रेघ पुन्हा तुटली, तर स्क्रूचे आटे गेलेत. तो काटा आत्ताच बदला.